जरा जवळ या

भांडण मिटलं की त्या मिटण्याला कुठला शब्द लावायचा, हे भांडणारे कोण आहेत त्यावर ठरतं. वर्तमानपत्रात प्रुफं वाचायला लागले तेव्हा पहिल्या महिन्यातच मला हे कळलं. पुढारी असले की मनोमिलन. नटनट्या असल्या की दिलजमाई. कारखान्याचा मालक आणि कामगार असले की समेट. गरीब नवराबायको असले की तडजोड, आणि ती आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, गुडघेदुखीच्या जाहिरातीशेजारी. घरात मात्र यातला एकही शब्द कुणी वापरत नाही. घरात फक्त म्हणतात, मिटलं.

मनोमिलनाने तर माझं डोकं उठवलं होतं. आमचे उपसंपादक हटकून मनोमीलन लिहायचे, दीर्घ. मी लाल शाईने ऱ्हस्व करायची. एकदा मी त्यांना म्हटलं, "अहो, मिलन म्हणजे भेटणं. मीलन म्हणजे डोळे मिटून घेणं. यांची मनं भेटली असं म्हणायचंय ना तुम्हाला?" ते म्हणाले, "बाई, दोन्ही चालतं हो. कोण बघतंय?" दुसऱ्या दिवशी पहिल्या पानाचं प्रूफ आलं. दोन पुढारी गळ्यात गळे घालून उभे, आणि एकाची मान उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. खाली दीर्घ मीलन. त्या दिवशी मी ते तसंच जाऊ दिलं, कारण यावेळी शब्द अगदी बरोबर पडला होता.

तो फोटो माझ्या दाजींनी काढलेला होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे सगळं पुराण मी लावलंय तेही त्यांच्यापायीच. चौकातले लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. मी त्यांना लग्नाच्या दिवसापासून जवळून बघत आलेय, आणि तो शब्द काही केल्या माझ्या तोंडातून निघत नाही.

त्यांचा फोटो स्टुडिओ चौकातच आहे, चष्म्याचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. आत शिरलं की भिंतीला आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर एक संगमरवरी जिना, जो अर्ध्यात जाऊन संपतो. पुढे एक स्टूल, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. आतल्या बाजूला फिल्म धुवायची अंधारी खोली. आणि दर्शनी बाजूला काचेची शोकेस. दुसरे फोटोग्राफर शोकेसमध्ये नवऱ्यामुली लावतात, पालथी पडलेली गुटगुटीत बाळं लावतात. दाजींनी तिथे भांडून मिटलेले लोक लावले होते.

हा त्यांचा छंद. कुणाचं कुणाशी वाजलं असं कानावर आलं की दाजी निघालेच. एकाला चहाला बोलवायचे, दुसऱ्याला पासपोर्ट फोटो फुकट काढून देतो म्हणून बोलवायचे, आणि दोघं समोरासमोर आले की कुणाला काही कळायच्या आत पडद्यापुढे उभे. मग यांचं सुरू. "जरा जवळ या. अजून जवळ. मधे हवा कशाला खेळवताय? हात खांद्यावर ठेवा. हं. आता झालं गेलं जाऊ द्या. हसा." खटक. "मिटलं."

भांडण कशावरून, हे त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "मेहुणीबाई, कारणं विचारत बसलं की भांडण वाढतं. आपण काय न्याय द्यायला बसलोय?" मी म्हटलं, "मग कशाला बसलाय?" त्यावर ते गोड हसले. त्यांच्याकडे एक हसणं आहे, समोरच्याचा प्रश्न त्यात विरघळून जातो आणि विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटतं.

या मिटवामिटवीची गंमत सांगते. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप गळायचा आणि पाणी खालच्यांच्या स्वयंपाकघरात, नेमकं ओट्यावर. खालचे वैतागून वर भांडायला गेले. दाजींनी दोघांना धरून आणलं, खांद्यावर हात, हसा, मिटलं. फोटो शोकेसमध्ये. पाइप मात्र गळतच राहिला. खालच्यांनी पुन्हा तोंड उघडलं की सगळी इमारत त्यांनाच म्हणायची, "अहो, तुमचं तर मिटलं ना? फोटो आहे की." बिचाऱ्यांनी ओट्यावर बादली ठेवली. ती बादली इतकी वर्षं तिथे राहिली की लोक त्यांना बादलीवाले म्हणायला लागले. वरचे मात्र समजूतदार म्हणून इमारतीच्या समितीवर निवडून आले.

दाजी असे का, हे त्यांच्या आईने मला सांगितलं होतं. लहानपणी घरात नुसता आवाज चढला तरी यांच्या पोटात दुखायला लागायचं. दोन पोरं हमरीतुमरीवर आली की हा मधे उभा राहून दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचा, आणि ज्याला मार बसला असेल त्यालाच आधी म्हणायचा, जाऊ दे ना. आईला त्याचं केवढं कौतुक. मला ऐकताना वाटलं, हा मुलगा भित्रा होता, बाकी काही नाही. मोठा झाल्यावर त्या भित्रेपणाला त्याने चांगले कपडे घातले आणि कॅमेरा दिला.

घरच्या भांडणांसाठी तर आणखी सोपी युक्ती होती. अंधाऱ्या खोलीच्या दारावर लाल दिवा. तो लागला की दार उघडायचं नाही, फिल्म खराब होते. ताई दुकानात काही विचारायला आली, जरा आवाज वर गेला, की दाजी आत आणि लाल दिवा बाहेर. माझ्या बहिणीचा निम्मा संसार त्या दिव्यासमोर उभं राहण्यात गेला. आत फिल्म बिल्म काही नसायचं. मी एकदा बेधडक दार उघडलं, तर हे स्टुलावर बसून नखं कापत होते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

दाजींना एक धाकटा भाऊ. आम्ही सगळे त्याला धाकटाच म्हणायचो, केस पिकले तरी. दिसायला देखणा, बोलायला मिठ्ठास, आणि अंगात मस्ती. दाजींचा त्याच्यावर फार जीव. ताईची मुलगी, माझी भाची, शाळेत नुकतीच जायला लागली होती, तेव्हा हा तिला स्कूटरवरून फिरवून आणायचा. एक दिवस चौकातल्या वळणावर स्कूटर घसरली. याला खरचटलं नाही. पोरीच्या पायावर अख्खी स्कूटर. मांडीचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं, आणि एक पाय कायमचा आखूड राहिला.

धाकट्याने दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, "तिने मधेच उडी मारली. मी काय करू? हँडल सांभाळू का तिला?"

पोरीला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. ताप उतरून ती शुद्धीवर आली तेव्हा जो तो तिच्या उशाशी येऊन विचारायचा, "अगं, उडी का मारलीस?" तिने आधी मान हलवली. मग रडली. मग सगळे इतक्या खात्रीने म्हणताहेत म्हटल्यावर तिला आठवायलाही लागलं. मला म्हणाली, "मावशी, मी अशी पटकन उडी मारली." हाताने करून दाखवली. मी तिचा हात धरून खाली ठेवला.

कारण तोवर ताईला खरं कळलं होतं. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाई तेव्हा दारातच उभ्या होत्या. त्यांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "कोपऱ्यावर त्याचे दोस्त बसले होते. त्यांना दाखवायला त्याने दोन्ही हात सोडले. पोरगी तर त्याला घट्ट धरून होती." ताई तशीच उठून धाकट्याकडे गेली आणि तोंडावर विचारलं. त्याने कानावर हात ठेवले. इस्त्रीवालीला काय दिसतंय म्हणे एवढ्या लांबून.

माझी बहीण काही भांडखोर नाही. तिने पोलीस आणले नाहीत, दिराच्या नावाने चौकात शंख केला नाही. ती एवढंच म्हणाली, "भावजी, मला तुमच्याकडून काही नको. तिच्यासमोर येऊन एकदा म्हणा, तू उडी मारली नाहीस, माझे हात सुटले. तिला वाटतंय तिनेच स्वतःचा पाय मोडून घेतला. तेवढं तिच्या डोक्यातून काढा." तो म्हणाला, "जे झालंच नाही ते कसं म्हणू?" त्या दिवसापासून ताई त्याच्याशी बोलायची बंद झाली.

घरात अबोला म्हटल्यावर दाजींच्या पोटात दुखायला लागलं. पोरगी कुबडी घेऊन चालायला लागली त्या आठवड्यातच त्यांनी तिला आणि धाकट्याला पडद्यापुढे उभं केलं. ताई यायला तयार नव्हती, म्हणून तिच्याशिवायच. "हात ठेव तिच्या खांद्यावर. जरा जवळ. बाळ, काकाकडे बघ. हसा." खटक. फोटोत धाकटा झकास हसलाय. पोरगी कॅमेऱ्याकडे न बघता खाली आपल्या पायाकडे बघतेय. कुबडी दाजींनी फोटोच्या बाहेर, आरशाला टेकवून ठेवली होती. चांगलं दिसत नाही म्हणून.

तो फोटो त्यांनी शोकेसच्या मधोमध लावला. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या घरातलंही मिटलं बरं का." ताई दुकानात यायची ती मागच्या दाराने यायला लागली. दाजींना वाटलं, तिला तो रस्ता जवळ पडत असेल.

आणि पोरीचं नाव पडलं उडी. कुणी पाडलं कोण जाणे, पण दाजींनी उचललं आणि मग तेच चाललं. लाडाने बरं का. "आमची उडी आली का?" "उडीला चहा द्या." शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं नाव आहे, ते घरात कुणी घेतलं नाही. ताई तेवढी घ्यायची, आणि मी. आम्ही ते नाव घेतलं की ती चटकन मान वर करायची नाही. तिला ते आपलं वाटतच नव्हतं.

ही मुलगी मोठी कशी झाली ते मी पाहिलंय. टेबलाला धक्का लागला तरी टेबलाला सॉरी म्हणायची. सायकल शिकली नाही, पोहायला गेली नाही. मैत्रिणींच्या सहलीला जायची वेळ आली की म्हणायची, "मी नको, माझा काही नेम नाही, मी मधेच काहीतरी करते." शिकली, दवाखान्याच्या खिडकीवर नोंदणीच्या कामाला लागली, काम चोख. दुसऱ्या गावच्या मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं, वरची जागा. नाही म्हणाली. का, तर म्हणे, "मावशी, मी उतावळी आहे गं. नको ते निर्णय घेते. लहानपणीच बघ ना." तिच्याइतकं सावकाश आणि जपून वागणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. प्रत्येक जिना कठडा धरून उतरते. मला ते ऐकून हसावं की रडावं कळेना, आणि रागाने तर नुसती तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तिला सांगितलं नाही असं नाही. ताईनेही सांगितलं, एकदा नाही, कितीदा. इस्त्रीवाल्या बाईंनी सांगितलं. ती आमचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुम्ही माझ्या बाजूच्या आहात म्हणून म्हणता. काका तिथे होते. ते म्हणाले तर गोष्ट वेगळी." तिचं तरी काय चुकलं? ज्याच्या हातात हँडल होतं त्याच्याच तोंडून ते यायला हवं होतं. ताईने सगळ्यावर पाणी सोडलं असतं, त्या एका वाक्यावर नाही. दाजी मात्र सगळ्यांना सांगत फिरायचे, "आमची बायको मनाची चांगली आहे, फक्त जरा धरून बसते."

अशी वर्षं गेली. दाजींनी फिल्म सोडून कॉम्प्युटर घेतला. अंधाऱ्या खोलीत आता पडद्यासमोर बसून लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढायचे. लाल दिवा मात्र काढला नाही. तो कामाचा होता.

मग धाकटा आजारी पडला. पोटातलं दुखणं, डॉक्टरांनी हात टेकले. देखणा माणूस, पार चिपाड झाला. एक दिवस त्याने दाजींना निरोप पाठवला, मला वहिनीला आणि पोरीला भेटायचंय. घरी नको, घरी बायकामुलं असतात, दुकानात भेटू.

दाजींना तर आकाश ठेंगणं झालं. त्यांनी स्टुडिओ झाडून घेतला. पडदा झटकला. स्टुलाखालचा पुठ्ठा बदलला. मला फोन करून म्हणाले, "मेहुणीबाई, तुम्हीही या. घरातलं शेवटचं एक राहिलंय, ते आज मिटतंय." मी म्हटलं, "येते." मला बघायचंच होतं. ताई यायला तयार नव्हती. मी तिला म्हटलं, "अगं, मरणाच्या दारात माणूस कशासाठी बोलावतो? कदाचित सांगायलाच." ती पुढच्या दाराने आली. इतक्या वर्षांनी प्रथमच.

दुपारची वेळ. धाकटा स्टुलावर बसला होता, गळ्यात मफलर. उडी त्याच्या शेजारी उभी. ताई पलीकडे, पडद्याच्या कडेला, हाताची घडी घालून. मी आरशापाशी. दाजी कॅमेऱ्यामागे वाकून दिवे इकडे तिकडे करत होते आणि तोंडाने चालूच होतं, "जरा जवळ या. वहिनी म्हणून नाही, आई म्हणून ये गं. अजून थोडं."

धाकट्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्याने मान वर करून उडीकडे पाहिलं. मग त्याने तिचा हात धरला आणि तिला हाक मारली, तिच्या खऱ्या नावाने. तिने मान वर केली. ताईची घडी सुटली.

तो म्हणाला, "ऐक. त्या दिवशी तू..."

"झालं गेलं जाऊ द्या," कॅमेऱ्यामागून दाजी म्हणाले. "हसा."

खटक.

दिवा भपकन लागून गेला. धाकटा दचकला. त्याचं तोंड अजून उघडंच होतं. ताई पुढे झाली, खाली वाकली, म्हणाली, "भावजी, बोला. काय म्हणत होता? त्या दिवशी काय?"

मी त्या माणसाचा चेहरा बघत होते. एवढा धीर गोळा करून तो इथवर आला होता, आणि भावाने त्याला ऐन वेळी मागचं दार उघडून दिलं. मग त्याने दाजींकडे पाहिलं, दाजी त्यांचं ते गोड हसू हसत होते. त्याने उडीचा हात सोडला.

"काही नाही वहिनी," तो म्हणाला. "दादा म्हणतो तेच. झालं गेलं."

"मिटलं," दाजी म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. खरंच पुसले. मला त्या क्षणी तो कॅमेरा उचलून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. दोन माणसं आयुष्यात पहिल्यांदा खरोखर जवळ आली होती, आणि या जवळ या जवळ या म्हणणाऱ्यालाच ते सोसलं नाही.

पुढच्या महिन्यात धाकटा गेला.

त्यानंतर काही दिवसांनी दाजी घरी आले, हातात कागदात गुंडाळलेली चौकट. ताई भाजी निवडत होती, मी बसले होते, उडी नुकतीच कामावरून येऊन पाय शेकत होती. दाजींनी कागद सोडला आणि चौकट तिच्यापुढे धरली. त्या दुपारचा फोटो. धाकट्याच्या गळ्यात मफलर, गालाची हाडं वर आलेली, आणि चेहऱ्यावर झकास हसू. त्या आजारी चेहऱ्यावर ते हसू इतकं परकं दिसत होतं की मी चष्मा लावून जवळ गेले. ओठ तरुण माणसाचे होते.

"हे कुठून आणलंत?" मी विचारलं.

दाजी खूश होऊन सांगायला लागले. "फोटोत त्याचं तोंड उघडं आलं होतं ना, फार वाईट दिसत होतं. मग जुना फोटो आहे ना शोकेसमधला, त्यातलं हसू घेतलं आणि इथे बसवलं. कॉम्प्युटरवर येतं तसं. बघ उडी, अजिबात कळत नाही. तोंड कसं छान मिटवलं."

उडीने चौकट हातात घेऊन फोटो पाहिला. मग तिने कधी नव्हे तो थेट बापाच्या डोळ्यात बघून प्रश्न विचारला.

"बाबा, काका काय म्हणणार होते?"

"अगं, काय म्हणणार. आजारी माणूस."

"तुम्हाला माहीत होतं का?"

दाजी हसले. तेच गोड हसू. यावेळी प्रश्न त्यात विरघळला नाही. ती बघतच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. घरात लाल दिव्याची खोली नव्हती.

"आता जाऊ दे ना ते," ते म्हणाले. "दवाखान्यातच म्हणाला होता मला. पहिल्या दिवशी. रडत होता बिचारा. हात सुटले म्हणाला. मीच म्हटलं, आता बोलू नकोस, घर फुटेल. मूल आहे, विसरेल. मी सगळं घर एकत्र ठेवलं की नाही? सांग तूच."

ताईने भाजीची परात बाजूला सरकवली, उठली आणि आत गेली. संसारात पहिल्यांदा तिने स्वतः दार लावून घेतलं.

म्हणजे यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. आणि तरी ती लंगडत समोरून आली की हा माणूस लाडाने हाक मारत होता, आमची उडी आली का. मी आयुष्यभर चुकीचे शब्द लाल शाईने खोडत आले, पण या माणसाला काय म्हणायचं, त्याला शब्द मला अजून सापडलेला नाही. देवमाणूस हा नव्हे, एवढं नक्की.

उडीने, चुकले, माझ्या भाचीने आवाज चढवला नाही. तिने चौकट उलटी करून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मूळ फोटो आहे का, तोंड उघडं असलेला?"

"आहे, पण तो बिघडलाय."

"तो मला काढून द्या. मोठा."

दाजींनी दिला. नाही म्हणायला आवाज चढवावा लागतो, आणि तो त्यांना कधी जमला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी ती दुकानात गेली. शोकेसची काच सरकवली, मधोमधचा तो जुना फोटो काढला आणि त्या जागी हा लावला. बादलीवाले, समितीवाले आणि बाकीची मंडळी जिथल्या तिथे हसत राहिली, आणि त्यांच्या मधे एक आजारी माणूस तोंड उघडं टाकून एका मुलीकडे बघतोय. दाजी गल्ल्यामागे उभे होते. चांगलं दिसत नाही, एवढंच ते दोनदा म्हणाले.

चौकातले लोक थांबून विचारतात. हा कोण, याचं तोंड असं का? दाजी म्हणतात, "फोटो जरा बिघडलाय," आणि आत जाऊन लाल दिवा लावतात. पण ती दुकानात असली की लोकांना तीच सांगते. शांतपणे सांगते, पण आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"माझे काका. मी उडी मारली नव्हती, हे सांगत होते."